नवें गाणें कोठें सांपडतें?

आमच्या वसतिगृहांत शनिवारीं रात्रीं जेवणानंतर अर्धा तास गाण्यासाठीं मोकळा ठेविलेला असतो. गेल्या पावसाळ्यांत अशाच एका शनिवारीं आम्हीं मुलांस सहज विचारिलें कीं, या महिन्यांत निघालेलें एखादें नवें गाणें कोणास ठाऊक आहे काय? चाळीस मुलांपैकीं तीसांनीं हात वर केले, आणि त्या तीसजणांनीं मिळून तीन गाणीं सांगितलीं. तिन्ही चित्रपटांतील होतीं. तीं रचिलीं कोणीं, असें पुढें विचारतांच सगळे हात खालीं आले. मुलांस दोष देण्याचें कारण नाहीं. उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हतें. परंतु त्या रात्रीं न्हावरें येथील एक जुना प्रसंग आठवून मनास जी रुखरुख लागली, तिच्यापायीं हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

न्हावरें हें गांव पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. पूर्वी इकडे बाजरी, हुलगा आणि मठ यांपलीकडे फारसें कांहीं पिकत नसे, असें जुनीं माणसें सांगतात. पुढें कालवे आले, विहिरी झाल्या, गांवच्या शिवारांत घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि दिवाळी सरली कीं रस्त्यानें उसाच्या गाड्यांची रांग लागूं लागली. उसामागोमाग तोडणीचीं माणसें येत. कोणी बीडकडचीं, कोणी पाथर्डीकडचीं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कांहीं कोयते मिळून एक टोळी, आणि टोळीवर एक मुकादम. मोकळ्या रानांत पाचटाच्या नि ताडपत्रीच्या कोप्या घालून तीं सारा हंगाम काढीत.

कांहीं वर्षांपूर्वीं एका गळीत हंगामांत आम्ही तेथें आप्तांकडे चार दिवस राहिलों होतों. संध्याकाळीं फिरावयास निघालों असतां कोप्यांच्या बाजूनें गाणें ऐकूं आलें. अठरा-वीस वर्षांचा एक मुलगा भाकरीचा पितळी डबा पालथा घालून त्यावर ठेका धरून गात होता. गाण्यांत मुकादमाकडून घेतलेली उचल होती, पहांटे तीनला उठून भाकरी थापणारी आई होती, आणि फडाच्या कडेला पाचटावर निजविलेलें तान्हें मूल होतें. चाल अगदीं साधी. परंतु शेवटच्या कडव्यांत आवाज असा कांहीं खालीं उतरे कीं, चुलीपाशीं बसलेल्या बायका बोलतां बोलतां थांबत. आम्हीं विचारिलें, "हें कोणाचें गाणें?" तो म्हणाला, "माझंच हाय गुरुजी. मागल्या साली यूट्यूबवर बी टाकलंय." त्यानें खिशांतून मोबाईल काढून दाखविला. चित्रफितीखालीं ४१ हा आंकडा होता. तो आम्हीं मोठ्यानें वाचला, तेव्हां तो हंसून म्हणाला, "त्यातलं निम्म्या येळा तर मीच बघितलं असंल."

आम्हीं त्याची पाठ थोपटली, त्याच्या आईनें दिलेला कोरा चहा घेतला, आणि घरीं परत आलों. त्याचें नांव विचारावयाचें मात्र राहून गेलें. दुसऱ्या वर्षीं गेलों तों त्या जागीं निराळीच टोळी उतरली होती. पहिली टोळी दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यावर गेली, एवढेंच कळलें. मग मोबाईलवर ‘ऊसतोड गाणें’ हे शब्द घालून शोध केला. गाणीं शेंकड्यांनीं निघालीं. तें एक निघालें नाहीं. नांवाशिवाय तें निघणार तरी कसें?

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. स्वतंत्र कलावंत म्हणजे ज्याच्या मागें कंपनीचा पैसा नाहीं, जाहिरात नाहीं, व ज्याचें गाणें तो स्वतःच रचितो, गातो आणि लोकांपुढें ठेवितो, असा मनुष्य. असा कलावंत अप्रसिद्धच असतो असें नाहीं, आणि प्रत्येक अप्रसिद्ध गाणें चांगलें असतें असें तर मुळींच नाहीं. आम्हीं या लेखासाठीं म्हणून जीं गाणीं ऐकिलीं त्यांतील बरींच दुसऱ्यांदा ऐकावींशीं वाटलीं नाहींत. परंतु वाईट गाणें ऐकून सोडून देणें निराळें, आणि चांगलें गाणें कानापर्यंत पोंचूंच न शकणें निराळें. आम्हांस काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

गाणाऱ्यानें आपलें नांव गाण्यांतच सांगून ठेवण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. अभंगाच्या शेवटीं तुकोबांचें वा नामदेवांचें नांव येतें. तमाशांतील शाहीरही कवनाच्या अखेरीस आपलें, आपल्या गुरूचें व गांवाचें नांव गुंफितो. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांचें मूळ नांव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. पण कुलकर्णी म्हणून त्यांस आज कोण ओळखतो? लावणीच्या शेवटच्या ओळींत जें नांव त्यांनीं घातलें तेंच लोकांच्या तोंडीं राहिलें. छापखाना नव्हता, पोथ्या थोड्या, आणि गाणें तर या गांवाहून त्या गांवीं तोंडातोंडीं जावयाचें; अशा वेळीं नांव गाण्यालाच बांधून देणें हा एकच उपाय होता.

पुढें यंत्र आलें तेव्हांही हीच अडचण निराळ्या रूपानें उभी राहिली. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग नांवाचा ध्वनिमुद्रक विलायतच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आला. हिंदुस्थानांत त्याच्या यंत्रावर प्रथम गायल्या त्या कोणी नामांकित गवयिणी नव्हत. शशिमुखी व फणिबाला या तेथील नाटकमंडळींतील दोन मुली होत्या. त्यानंतर कांहीं दिवसांनीं त्या काळची विख्यात गायिका गौहर जान हिचें गाणें घेतलें गेलें. तिच्या कित्येक तबकड्यांच्या अखेरीस ती स्वतःचें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगतांना ऐकूं येतें. पुष्कळांस ती ऐट वाटते. खरें कारण असें कीं, मेणावर उमटविलेलें गाणें तबकडी काढण्यासाठीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवीत. तेथील कारागिरांस आपली भाषा कळेना, मग कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव छापावें हें त्यांस समजण्यासाठीं गाणारणीनेंच शेवटीं नांव सांगावयाचें. गौहर जान हिचें नांव त्या आरोळीवांचूनही राहिलें असतें. शशिमुखी व फणिबाला यांचीं नांवें मात्र जुन्या तबकड्या जमविणाऱ्या लोकांनीं शोधून ठेविलीं म्हणून आज आपणांस ठाऊक आहेत.

तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. या तीन मिनिटांत महाराष्ट्रानें जें एक नवें गाणें ऐकिलें त्याची हकीकत विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९३२ च्या सुमारास जी. एन. जोशी नांवाच्या एका तरुण वकिलानें मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन तबकडीवर दिली. गाणारा धंदेवाईक गवई नव्हे. कवि पंचविशीच्या आंतला. गाणें ना नाटकांतलें, ना रागदारीचें. परंतु तबकडी घरोघर वाजली, आणि ज्यास आपण भावगीत म्हणतों त्याला तेथून जोर चढला. जोशी पुढें त्याच कंपनींत ध्वनिमुद्रणाच्या कामावर राहिले व दुसऱ्या पुष्कळ नव्या गळ्यांस त्यांनीं पुढें आणिलें.

मोठ्या कंपनीनें दार न उघडलेल्या लोकांसाठीं मुंबईस १९३५ सालीं ‘यंग इंडिया’ या नांवाच्या तबकड्या निघूं लागल्या. कारखाना आपल्याच लोकांचा; १९५५ च्या सुमारास तो बंद पडला. मधल्या वीस वर्षांत त्यानें नवशिके, हौशी, मेळ्यांतून गाणारे, शाळांसाठीं कविता म्हणून दाखविणारे अशा कितीएकांचे आवाज तबकडीवर घेतले. हे बहुतेक लोक पुढें विस्मरणांत गेले. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनीं या तबकड्या जुन्या बाजारांतून व घराघरांतून मिळवून, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानें त्यांतील शेंकडों संगणकांत उतरविल्या. म्हणजे १९४० सालीं ज्याचें गाणें शेजाऱ्यांपलीकडे कोणीं ऐकिलें नसेल, तें आज कोणासही ऐकतां येतें. ध्वनिफितींचा, म्हणजे कॅसेटींचा, काळ त्यानंतरचा. १९८० नंतर कॅसेट इतकी स्वस्त झाली कीं, तालुक्याच्या गांवीं बसलेला मनुष्यही चार गाणीं भरून यात्रेंत विकूं लागला. तो काळ आम्हीं स्वतः पाहिला आहे. त्या गाण्यांचा गोंगाटही सोसला आहे.

परंतु आमच्या शिरूर भागांत नवें गाणें येण्याचा खरा रस्ता तबकडीचा नव्हता, तमाशाचा होता. चैत्र-वैशाखांत गांवोगांव यात्रा भरतात, आणि यात्रेस तमाशा हवाच. जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव येथें पाडव्याच्या सुमारास निरनिराळ्या फडांच्या राहुट्या ओळीनें लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या मालकाच्या नांवाची पाटी. आंत एक गादी, एक वही, आणि व्यवस्थापक. शिरूर, खेड, आंबेगांव, पारनेर, कोठकोठच्या गांवांचे कारभारी तेथें जातात, राहुट्या हिंडतात, भाव करतात, आणि पसंत पडेल त्या फडास सुपारी देऊन तारीख पक्की करतात. या व्यवहारांत पैशाच्या खालोखाल महत्त्वाचा प्रश्न असतो तो असा कीं, यंदा वग नवा कोणता? गण, गौळण आणि बतावणी यांची चौकट ठरलेली. लोक वर्षभर वाट पाहतात ती नव्या वगाची आणि नव्या गाण्यांची. मागल्या वर्षीचाच वग घेऊन आलेल्या फडास गांवकरी कसें बोल लावितात हें ज्यानें ऐकिलें आहे, त्यास नवें गाणें ही केवळ शहरी मुलांची आवड आहे असें वाटणार नाहीं. चौफुल्याच्या कलाकेंद्रांची गोष्ट निराळी; तो बैठकीचा प्रकार आहे, आणि या मासिकांत त्याचा विस्तार करण्याची आवश्यकता नाहीं.

हीं नवीं गाणीं लिहितो कोण? याचें एक उत्तर आमच्याच तालुक्यांत आहे. शिरूरच्या वायव्य भागांत कवठे येमाई नांवाचें गांव आहे. तेथें १९४७ सालीं एका विणकर मुसलमान कुटुंबांत बशीर मोमीन यांचा जन्म झाला. शाळेच्या वयापासून ते गाणीं जुळवूं लागले, आणि पुढें पन्नासाहून अधिक वर्षें त्यांनीं तमाशाच्या फडांसाठीं गण, गौळणी, लावण्या आणि वग लिहिले. हुंडा, दारू, निरक्षरता यांवरही त्यांनीं गाणीं रचिलीं व तीं गांवोगांव म्हटलीं गेलीं. आतां पाहा, ज्या गौळणीवर यात्रेंतील हजारों माणसें डोलत, ती गाणारणीच्या नांवानें ओळखली जाई, फडाच्या मालकाच्या नांवानें ओळखली जाई. लिहिणारा कवठ्यास आपल्या घरीं बसलेला असे. त्यांनीं आपल्या गांवाचेंच नांव आपल्यास जोडून घेतलें होतें, म्हणून शाहीर मोमीन कवठेकर एवढें तरी लोकांच्या ध्यानांत राहिलें. महाराष्ट्र शासनानें २०१८ चा विठाबाई नारायणगांवकर यांच्या नांवाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांस दिला, तेव्हां ते सत्तरी ओलांडून गेले होते. २०२१ च्या नोव्हेंबरांत ते वारले. शिरूर तालुक्यांतील शाळेंत शिकणाऱ्या किती मुलांस हें नांव ठाऊक आहे? आम्हीं आमच्या वर्गांत विचारिलें. दोघांस ठाऊक होतें, आणि तीं दोघेंही कवठ्याच्याच बाजूचीं होतीं.

याच्या उलट उदाहरणही द्यावयास हवें. अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचें बालपण पुणें जिल्ह्याच्या याच उत्तरेकडील गांवांत, वडिलांच्या बदलीच्या नोकरीबरोबर फिरण्यांत गेलें. ‘विश्वविनायक’ हा गणेशस्तुतीचा त्यांचा संग्रह २००१ सालीं निघाला त्या वेळीं त्यांस फारसें कोणी ओळखीत नव्हतें. आज त्यांचें नांव पोरासोरांच्या तोंडीं आहे. तेव्हां आजचा अप्रसिद्ध मनुष्य उद्यांही तसाच राहील असा कांहीं नियम नाहीं. परंतु एखाद्यास मोठेपण आल्यावर मागें वळून त्याचीं पहिलीं गाणीं शोधणें हें काम सोपें आहे; तें तर वर्तमानपत्रेंही करितात.

कवठ्याच्या शेजारीं सविंदणें म्हणून गांव आहे. तेथील गाणीं आणखीच निराळीं, कारण त्यांना ना फड, ना सुपारी, ना ऐकणारे. तीं जात्यावरच्या ओव्यांचीं गाणीं. पहांटे काळोखांत दळतां दळतां बाई जें गाई तें तिच्या शेजारीं बसलेली जाऊ किंवा सासू ऐके, आणि अंथरुणांत पडलेलीं पोरें ऐकत. गांवांत पिठाची गिरणी आली, आणि बायकांचा एक मोठा कष्ट सरला. तें फार चांगलें झालें. परंतु जातें थांबलें तशी ओवीही थांबली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइतवां या दोघांनीं १९८० नंतरच्या दशकांत मुळशी, मावळ आणि वेल्हें या डोंगरी भागांतून ओव्या उतरवून घेण्यास आरंभ केला, व पुढें तें काम महाराष्ट्रभर पसरलें. हजाराहून अधिक गांवें, आणि एक लाखाहून अधिक ओव्या! त्यांतील कित्येक बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकानें १९९० नंतरच्या दशकांत ध्वनिमुद्रित केल्या. पॉइतवां २००४ सालीं वारले, हेमाताई २०१० सालीं. त्यानंतर पी. साईनाथ यांनीं २०१४ सालीं सुरूं केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें हा ठेवा आपल्याकडे घेऊन २०१७ पासून थोड्या थोड्या ओव्या आवाजासह प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. शिरूर तालुक्यांतील सविंदण्याच्या बायकांचे आवाज त्यांत आहेत.

या संग्रहांतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. ओवींत भावाचें नांव येतें, लेकाचें येतें, विठ्ठलाचें येतें, सासर-माहेरच्या गांवांचींही नांवें येतात. परंतु गाणारी स्वतःचें नांव सहसा घालीत नाहीं. शाहीर आपली खूण ठेवितो, ही ठेवीत नाहीं. म्हणून उतरवून घेणाऱ्यांनीं प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचें नांव, गांव, तालुका, वय, मुलेंबाळें, पोट कशावर चालतें, आणि कोणत्या दिवशीं गाणें घेतलें, हें सर्व नोंदविलें. पुष्कळ ओव्या म्हटल्या गेल्या त्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं, आणि लोकांच्या कानीं आल्या त्या आतां. तेव्हां त्या जुन्या म्हणाव्या कीं नव्या? आमच्या मतें ज्यानें पूर्वीं ऐकिलें नाहीं त्याला तें गाणें नवेंच आहे. पण या मुद्यावर आमच्या शाळेंतील संगीतशिक्षकांचें मत निराळें आहे, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

आतां मोबाईलकडे वळूं. मुलें म्हणतील, पूर्वींची गोष्ट पूर्वीं; आज तर सगळें जग खिशांत आहे. जग खिशांत आहे हें खरें. परंतु खिशांतलें यंत्र आपल्यापुढें काय ठेवितें हें समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांनीं जें पाहिलें, शेवटपर्यंत पाहिलें, आणि आपण स्वतः जें मागें पाहिलें, त्याच्यासारखेंच तें पुढें करितें. यात्रेंत ज्या दुकानापुढें गर्दी असते तेथेंच आणखी गर्दी जमते, त्यांतलाच हा प्रकार. ४१ वेळां पाहिलेलें गाणें त्यानें आपण होऊन पुढें आणावें याला त्याच्या दृष्टीनें कांहीं कारणच नाहीं. पैशाचेंही तसेंच. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नाचा वांटा मिळण्यास निदान १००० वर्गणीदार, आणि त्यांबरोबर वर्षांत ४००० तास पाहिलें जाणें, किंवा लहान चित्रफिती पाहणाऱ्यांचा त्याहून पुष्कळ मोठा आंकडा, अशी अट आहे. स्पॉटिफाय या गाण्यांच्या पेढीनें २०२४ पासून असा नियम केला कीं, मागील बारा महिन्यांत जें गाणें १००० वेळांही ऐकलें गेलें नाहीं, त्याच्या ध्वनिमुद्रणाबद्दल कांहीं देणें नाहीं. बँडकॅम्प नांवाची २००८ सालीं निघालेली पेढी बरी. तेथें ऐकणारा थेट कलावंतास पैसे देतो आणि पेढी गाण्याच्या विक्रींत साधारण शेंकडा १५ घेते. परंतु तेथें मराठी गाणीं थोडीं, आणि आमच्या मुलांपाशीं तसे पैसे देण्याची सोयही नाहीं.

मग शोधावें कसें? आम्हीं दोन महिने प्रयोग करून पाहिला. पहिली गोष्ट अशी कीं, ‘नवीन मराठी गाणें’ असे मोघम शब्द घालूं नयेत. त्यांतून तेंच तें निघतें. गांवाचें, वाद्याचें किंवा कामाचें नांव घालावें. हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणें, एकतारी. धनगरी ओवी, भलरी, भारुड. शिरूर, दौंड, श्रीगोंदें. शब्द देवनागरींत घालून पाहावे, आणि मग तेच इंग्रजी अक्षरांतही घालून पाहावे, कारण खेड्यांतील मुलें बहुधा इंग्रजी अक्षरांनींच नांवें देतात. शोधाला या आठवड्यापुरती किंवा या महिन्यापुरती मर्यादा घालतां येते. ती घातली कीं गाजलेलीं जुनीं गाणीं गळून पडतात. गाणें आवडलें तर त्याखालचा मजकूर उघडून वाचावा. गीत कोणाचें, संगीत कोणाचें, ढोलकी कोणाची, हें तेथें बहुधा दिलेलें असतें, आणि पुढचा शोध त्या नांवांवरून करावा. आम्हांस एका ढोलकीवाल्याच्या नांवावरून सात निरनिराळे गायक सांपडले; त्यांतील दोघे फार चांगले निघाले. आणि गाणें अर्ध्यावर सोडूं नये, निदान पहिल्या वेळीं. एकानें शेवटपर्यंत ऐकिल्यानें मोठ्या गायकाचें कांहीं वाढत नाहीं. पण ४१ चे ४२ होणें ही त्या मुलाच्या हिशेबीं लहान गोष्ट नव्हे.

अशा शोधांतून काय हातीं येतें याचीं दोन उदाहरणें पुरेत. छत्रपति संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतें गात दारोदार फिरून पोट भरीत असत. कोणीतरी त्यांचें गाणें मोबाईलवर उतरवून सोडलें, तें या हातांतून त्या हातांत गेलें, आणि आतां त्यांस कार्यक्रमांचीं बोलावणीं येतात. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या तरुण मंडळीनें २०१९ सालीं आरेच्या जंगलांतील प्रकाश भोईर यांस बरोबर घेऊन ‘द वारली रिवोल्ट’ हें गाणें काढिलें. त्यांत रॅप आहे, म्हणजे तालावर वेगानें बोलणें. आणि विषय आहे झाडांचा, जमिनीचा. तो प्रकार प्रथम ऐकतांना आमच्या कानास रुचला नाहीं. दुसऱ्यांदा ऐकिला तेव्हां शाहिराची आठवण झाली. तिसऱ्या खेपेस वसतिगृहांतील मुलेंच आम्हांस शब्द समजावून देऊं लागलीं.

यंत्रापलीकडचाही एक मार्ग आहे, आणि आम्हांस तोच अधिक खात्रीचा वाटतो. गांवच्या यात्रेंत, लग्नांत, हरिनाम सप्ताहांत, जागरण-गोंधळांत जो गातो त्यास गाणें संपल्यावर जाऊन भेटावें. गाणें तुमचेंच काय, दुसऱ्याचें असेल तर कोणाचें, आणखी आहेत काय, कोठें ऐकावयास मिळतील, एवढें विचारावें. बहुतेक लोक आनंदानें सांगतात. कित्येकांस तर हा प्रश्न जन्मांत प्रथमच कोणी विचारलेला असतो. परवानगीवांचून गाणें उतरवून घेऊं नये, आणि घेतलें तर गाणाऱ्याच्या नांवांवांचून पुढें पाठवूं नये.

या कामासाठीं दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं आम्हीं वाचनालयांत एक जाड वही बांधून ठेविली आहे. ओव्यांच्या संग्रहांतील नोंदीचाच नमुना तिच्यांत घेतला आहे: गाणाऱ्याचें नांव, गांव, वय, काम, गाणें कोणाचें, कोणत्या दिवशीं ऐकिलें. पहिल्या पानावर आम्हीं स्वतःची नोंद केली आहे. गांव न्हावरें, वय अदमासें एकोणीस, काम ऊसतोडणी. नांवाची जागा मोकळी आहे. मुलांमुलींनीं सुट्टींतून परत येतांना सत्तावीस नोंदी आणिल्या. मांडवगणकडच्या एका मुलानें हलगी वाजविणाऱ्या आपल्या चुलत्याच्या सहा चाली लिहून आणिल्या. एका मुलीनें शेजारच्या भेदिक म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडून त्याच्या गुरूच्या गुरूपर्यंतचीं नांवें आणिलीं. तीन नोंदी मात्र आम्हीं वहींत उतरविण्याचें थांबविलें आहे, कारण त्यांत गाणारीच्या नांवापुढें ‘आजी’ एवढेंच लिहिलेलें होतें. त्या तिघां मुलांनीं नाताळच्या सुट्टींत घरीं गेल्यावर आजीचें नांव, माहेरचें नांव आणि माहेरचें गांव विचारून आणावें असें ठरलें आहे.